जोनच्या सोमवारच्या नोंदी

“म्हणजे पाच वर्षं मला कळलंच नाही म्हणायचं, टिप.”

टिप हे कुत्र्याचं नाव. मागच्या दारात बसून गमबूट चढवताना कॉलिन त्याच्याशी बोलत होते. मी पॅसेजमध्ये बाथरूमचं दार शोधत होते. मी ऐकलं हे त्यांना कळलं नाही. मी आल्या पावली स्वयंपाकघरात परत गेले. टेबलावर चहाचे तीन मग होते, चीज घातलेले स्कोन, म्हणजे छोटे भाजलेले पाव, होते आणि मधोमध मी तयार केलेला एकपानी तक्ता होता. त्यात सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, माझीच एक ओळ होती: ‘शेवटच्या पाच वर्षांच्या नोंदी भरवशाच्या नाहीत, म्हणून वगळल्या आहेत.’

न्यूझीलंडला जाऊन आलेली माणसं डोंगर, तळी आणि मेंढ्यांबद्दल सांगतात. मीही थोडं सांगेन. पण परत आल्यापासून मला आधी ती ओळच आठवते.

हॅमिल्टन

समीरदादा माझ्या मावशीचा मुलगा. बारा वर्षांपूर्वी पुण्याहून गेला, आता हॅमिल्टनमध्ये असतो. त्याचं काम असं, की दुधाच्या धंद्यातल्या शेतकऱ्यांकडे जायचं, त्यांच्या गोठ्यात वीज कुठे किती जाते ते बघायचं आणि कुठे वाचेल ते सांगायचं. गेल्या वर्षी त्याच्या मनात आलं, की आजोबांच्या काळापासून आजपर्यंत या देशातल्या गोठ्यांची वीज कशी बदलत गेली, ते एकदा नीट मांडावं. पण जुन्या नोंदी कुणाकडे नव्हत्या. फक्त कॉलिन या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे होत्या. त्यांची बायको जोन लग्न होऊन आल्यापासून दर सोमवारी सकाळी गोठ्यात जाऊन मीटरचा आकडा वहीत लिहायच्या. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या, तोपर्यंत. दादाने सगळ्या वह्यांचे फोटो काढून मला पाठवले. माझं स्टॅटिस्टिक्सचं एम.एस्सी. नुकतंच संपलं होतं, नोकरी लागायची होती. चार महिने पुण्यात बसून मी ते आकडे उतरवले, तपासले, आलेख केले. त्याबद्दल दादा म्हणाला, जूनमध्ये तीन आठवडे ये.

घरी सगळ्यांना वाटलं, तिथे तरी ही बोलेल, इंग्लिश मीडियमची आहे. मी मराठीत जितकी गप्प असते तितकीच इंग्रजीत गप्प बसू शकते, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

जून म्हणजे तिथला थंडीचा महिना. सकाळी नदीवरून धुकं येतं आणि दहा वाजेपर्यंत समोरच्या घराचं फाटकही दिसत नाही. घरं लाकडाची आणि आतून गार. केतकीवहिनीने पहिल्याच दिवशी माझ्या हातात लोकरीचे दोन जोड मोजे ठेवले आणि म्हणाली, इथे हीटरपेक्षा स्वेटरवर भिस्त ठेवायची. ती तिथल्या एका दवाखान्यात फार्मासिस्ट आहे. अंगणात फिजोआ नावाच्या फळाचं झाड आहे, पेरूचा लांबचा भाऊ शोभेल असं हिरवं फळ, आणि हंगामात ते इतकं पडतं की लोक बादल्या भरून फाटकाबाहेर ठेवतात, न्या म्हणतात. वहिनी त्याची मोहरी फेसून कोशिंबीर करते. त्यांची सात वर्षांची इरा ती कोशिंबीर खात नाही. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. दुसऱ्या दिवशी तिने आईला विचारलं, की आत्याला बोलता येतं ना. वहिनी ओशाळली. मला इरा आवडली.

आता त्या ओळीबद्दल. जोनच्या वह्यांत पहिल्यापासून थंडीतही आकडा वाढत जाई, उन्हाळ्यापेक्षा कमी, पण वाढे. शेवटच्या पाच वर्षांत मात्र जून लागला की आकडा जागच्या जागी थांबे. आठवड्याला एकने वाढे, फार तर दोनने. जुलैच्या शेवटी पुन्हा चालू. आमच्या सोसायटीत मीटर वाचणारा कधीकधी जिना न चढताच आकडा टाकतो, मागच्यात थोडी भर घालून. तो आकडा बघून बघून माझी नजर तयार झाली आहे. शिवाय दादाने सांगितलं होतं, की शेवटी जोनना विसरायचा आजार झाला होता. मी दोन आणि दोन चार केले. बाईंना गोठ्यापर्यंत जायचं आठवत नसेल, घरी बसून अंदाजाने लिहीत असतील. दोन महिने अंदाजाने लिहिणारी व्यक्ती बाकीचे दहा महिने तरी काय करत असेल, म्हणून पाचही वर्षं काढून टाकली. दादाने फक्त शेवटचा तक्ता पाहिला. मूळ आकडे मी बघते म्हटल्यावर त्याने माझ्यावर विश्वास टाकला होता.

कॉलिन यांचं शेत

हॅमिल्टनपासून पाऊण तासावर, मॉरिन्सव्हिलच्या पुढे. वाटेत दोन्ही बाजूंना इतकं हिरवं की काही वेळाने डोळ्यांना ते दिसेनासं होतं. गावाबाहेर पडल्यावर रस्त्यावर माणूस नाही. शेतात माणूस नाही. आपल्याकडे मैलभर शेत असेल तर त्यात निदान एक वाकलेली पाठ तरी दिसते. मी दादाला विचारणार होते, सगळे कुठे गेले. नाही विचारलं.

कॉलिन ऐंशीच्या आसपासचे, उंच, हात फावड्यासारखे. स्वतः दूध काढणं त्यांनी जोन गेल्यावर सोडलं, आता शेजारचा शेतकरी त्यांच्या गोठ्यात आपल्या गायी आणतो. त्यांनी मला हात दिला, “किया ओरा”, म्हणजे माओरी भाषेत नमस्कार, म्हणाले आणि विचारलं, की वह्या वाचणारी ती तूच का. मी मान हलवली. त्यांनी एका खोक्यात सगळ्या वह्या मांडून ठेवल्या होत्या. गावच्या हॉलमध्ये जुन्या वस्तूंचं एक काचेचं कपाट आहे, त्यात त्या ठेवायच्या ठरल्या होत्या, पुढच्याच आठवड्यात. माझ्या आलेखाचं पान त्यांच्याशेजारी लावायचं होतं.

चहा पिताना त्यांनी तक्ता वाचला. चष्मा लावून, बोट फिरवत, खालपर्यंत. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. दादाने सांभाळून घेत म्हटलं, शेवटी शेवटी थोडं पुढे-मागे झालंय, एवढंच. कॉलिननी तक्ता खाली ठेवला, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, चला, गोठा दाखवतो, बूट घालून येतो. मागच्या दाराशी ते टिपला जे म्हणाले, ते मी वर लिहिलंच आहे.

गोठा म्हणजे आपल्याकडचा गोठा नव्हे. गायी तिथे राहत नाहीत, फक्त दूध द्यायला येतात. मधे खड्डा, त्यात उभं राहून काम करायचं, दोन्ही बाजूंना उंचावर गायी तिरप्या रांगेत. त्या वेळी तिथे काहीच नव्हतं. धुतलेलं काँक्रीट, टांगलेल्या रबरी नळ्या आणि शांतता. अकरा वाजले होते, मी धरून चालले की सकाळचं दूध काढून झालंय.

कॉलिन भिंतीशी गेले आणि जमिनीतला एक सिमेंटचा चौथरा दाखवला. इथे वडिलांचं पेट्रोलचं इंजिन होतं, त्याच्याआधी हात आणि कंदील. मग वीज आली तेव्हा एक मोटर, एक दिवा. एवढंच. दूध कॅनमध्ये भरून फाटकाशी ठेवायचे, लॉरी न्यायची. नंतर भांडी धुवायला गरम पाण्याची टाकी. मग दूध गार ठेवायची मोठी स्टीलची टाकी आली आणि वीज एकदम चढली. त्याच वर्षी जोन सून होऊन आल्या होत्या, शहरातल्या. सासरे रोज कुरकुरत, की ही टाकी गायीपेक्षा जास्त खाते. जोन म्हणाल्या, खाते की नाही ते लिहून बघू. तिथून वह्या सुरू झाल्या. पुढे पंप मोठे झाले, शेणपाणी उपसायला वेगळी मोटर आली, आणि अलीकडे गरजेपुरताच फिरणारा पंप बसवला तेव्हा आठवड्याचा खप पहिल्यांदा खाली उतरला. हे सगळं माझ्या आलेखात होतं, चढ आणि उतार. मी ते चार महिने पाहिलं होतं. तो प्रत्येक चढ म्हणजे या भिंतीवरचा एकेक खिळा आहे, हे तिथे उभं राहिल्यावर कळलं.

मीटर दाराशेजारी होतं, करड्या पेटीत. खाली एक उलटी बादली. त्यावर चढून जोन वाचायची, कॉलिन म्हणाले, माझ्या खांद्याएवढीच होती.

बाहेर पडताना मी फाटक उघडायला शेजारच्या तारेवर हात ठेवला. पुढचं मला नीट आठवत नाही, पण मी चिखलात बसले होते आणि दादा मोठ्याने हसत होता. तिथे कुंपणाच्या तारेत वीज सोडलेली असते, गायी सीमेत राहाव्यात म्हणून. जीव जात नाही, अक्कल येते. कॉलिन हसले नाहीत. त्यांनी हात देऊन मला उठवलं आणि म्हणाले, जोनलासुद्धा पहिल्याच आठवड्यात बसला होता.

निघताना त्यांनी खोक्यातून शेवटची वही काढून ड्रेसरवर, म्हणजे भांड्यांच्या बुटक्या कपाटावर, ठेवली. त्याच्याआधीचीही काढली. “या दोन नकोत कपाटात,” ते म्हणाले. “लोक बघतात, बोलतात.” मग थोडं थांबून दादाला म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलं ते शेवटच्या वर्षात. त्याआधी चार वर्षं ती एकटीच त्यात होती आणि मी बाहेर गायी मोजत होतो.

दादा गाडीत म्हणाला, बिचारे. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

अ‍ॅशबर्टन

तीन दिवसांनी दादाला कामासाठी दक्षिण बेटावर जायचं होतं. मलाही घेऊन गेला. क्राइस्टचर्चला विमानातून उतरल्यावर तासभर गाडीने, सपाट, पाटीसारखी जमीन, आणि एका बाजूला बर्फाच्या डोंगरांची रांग, जी तुमच्याबरोबर चालत राहते. वाटेत एका बेकरीत आम्ही गरम ‘मटण पाय’ खाल्ला, म्हणजे रस्सेदार मटण भरून भाजलेली पेस्ट्री. तिथे तो कागदाच्या पिशवीतून, उभ्याने खातात. माझ्या स्वेटरवर रस्सा सांडला. दादाला मी सांगितलं नाही, स्कार्फ पुढे घेतला.

इथली शेतं उत्तरेसारखी नाहीत. पाऊस कमी. पूर्वी मेंढ्या आणि गहू. मग जमिनीखालचं पाणी विजेच्या पंपांनी वर आलं आणि मेंढ्यांच्या जागी गायी आल्या. प्रत्येक शेतात चाकांवरचा एक लांबलचक लोखंडी हात, तो एका टोकाला रोवलेला, दुसरं टोक फिरत जातं आणि खाली पाऊस पाडत जातं. दादा म्हणाला, देशात शेतीची वीज कुठे वाढली असं विचारलंस तर उत्तर इथे उभं आहे. माझ्या काकांच्या गावात शेतीपंपाला वीज कधी येणार यावर माणसांचं जेवण-झोपणं ठरतं. इथे तो हात फोनवरून चालू होतो. त्या दिवशी मात्र सगळे हात थांबलेले होते. थंडीत पाणी लागत नाही.

ज्या शेतावर आम्ही गेलो तिथे कामावर मारिसा होती. फिलिपीन्सची, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, सहाशे गायींचं ती बघते. दादा मालकाबरोबर पंपघरात गेला आणि मी तिच्याबरोबर चहाला बसले. तिने गोड बिस्किटं पुढे केली आणि एकटीच बोलत राहिली, त्यामुळे बरं वाटलं. म्हणाली, हे दोन महिने तिला झोप मिळते. बाकी वर्षभर पहाटे चार.

मी विचारलं, का.

“गायी सुट्टीवर ना,” ती म्हणाली. “तुला कुणी सांगितलं नाही? सगळ्या एकदम आटतात. मे संपला की दूध बंद, वासरं जुलैअखेर. नुसता आमचा नाही, बहुतेक देशच. पहिल्या वर्षी मी रडले होते. आमच्याकडे म्हैस हवी तेव्हा विते, हवं तेव्हा दूध. मला वाटलं, शेत बंद पडलं, आता मला घरी पाठवणार.”

मी बिस्कीट हातात धरून बसले. मग मी विचारलं, असं नेहमीच होतं का, सगळीकडे. ती म्हणाली, पूर्वी काही शेतांना शहराला रोजचं दूध पुरवायचा करार असायचा, ती थंडीतही काढायची. उत्तरेत बरीच होती. ते करार सुटले की तीही सगळ्यांसारखी झाली.

जे सगळ्यांना माहीत असतं, ते कुणी सांगत नाही. दादाने सांगितलं नव्हतं, कारण बारा वर्षांत ते त्याच्या अंगवळणी पडलं होतं. कॉलिननी सांगितलं नव्हतं, कारण रिकामा गोठा पाहून कुणी त्याचं कारण विचारेल असं त्यांना सुचणंच शक्य नव्हतं. आणि मी विचारलं नव्हतं. लहानपणापासून रोज सकाळी दाराला दुधाची पिशवी लटकलेली पाहिलेली मी, दूध थांबू शकतं हेच माझ्या डोक्यात नव्हतं.

मोटेलवर आल्याबरोबर मी लॅपटॉप उघडला. जी गोष्ट पहिल्या दिवशी तपासायला हवी होती, ती आता तपासली. मीटरचा आकडा साठत जातो. अंदाजाने कमी लिहिलं, तर खरं वाचन घेताच तो उडी मारतो. आमच्या सोसायटीत दर चौथ्या महिन्याला हेच होतं आणि सगळे सेक्रेटरीकडे जमतात. जोनच्या पाचही वर्षांत ऑगस्टमध्ये उडी नव्हती. एकही नव्हती. आकडा थांबला होता तो खरोखरच थांबला होता; कॉलिनचाही शहराच्या दुधाचा करार त्याच सुमारास सुटला असणार. आणि आठवड्याला तो एक-दोन वाढत होता, ती कुंपणाची तार होती, मला चिखलात बसवणारी. मी वह्यांचे फोटो पुन्हा उघडले. शेवटच्या हिवाळ्यात एका सोमवारी आकडा अकराने वाढला होता आणि समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘कोकरू, दिवा, तीन रात्री.’ कोकराला ऊब द्यायला लावलेल्या दिव्याची वीज. हे मी पुण्यातही पाहिलं असणार. माझ्या तक्त्यात समासासाठी रकाना नव्हता.

म्हणजे त्या थंडीत, दवात, ज्या गोठ्यात काहीच चालू नव्हतं तिथे, बादलीवर चढून, एक किंवा दोनने हललेला आकडा बघायला त्या गेल्या होत्या. आजार सुरू झाल्यावरही. अक्षर बिघडत गेलं होतं, आकडा बरोबर होता.

जेवताना मी दादाला सांगितलं. सांगायला भात संपेपर्यंत वेळ लागला. तो स्वतःवरच चिडला, की त्याने स्वतः एकदा मूळ आकडे बघायला हवे होते. मग माझा चेहरा बघून म्हणाला, “अगं, टेन्शन नको घेऊस. तक्ता सुधारू, ओळ काढू, मी मेल टाकतो. हीप्स ऑफ टाइम, भरपूर वेळ आहे.”

मी म्हटलं, ते मेल बघत नाहीत. तो म्हणाला, मग जाऊन देऊ, मीच बोलतो, तू नुसती बस. मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला आवडलं नाही.

परत

माझं विमान रविवारी होतं. शनिवारी सकाळी आम्ही पुन्हा मॉरिन्सव्हिलच्या रस्त्याला लागलो. वहिनीने कॉलिनसाठी कोशिंबिरीची बरणी दिली होती. इरा बरोबर आली होती, तिला टिप बघायचा होता. धुक्यातून गायी दिसत होत्या, पोटं मोठी, निवांत उभ्या, कुणाला काही देणं नसल्यासारख्या. आठवड्यापूर्वीही त्या अशाच उभ्या असणार.

कॉलिननी स्कोन आधीच गरम करून ठेवले होते. बरणी उघडून वास घेतला आणि विचारलं, हे ब्रेडला लावतात की छातीला. दादा हसला. इरा टिपला घेऊन व्हरांड्यात गेली. वह्यांचं खोकं दाराशी बांधून ठेवलं होतं, हॉलचा माणूस दुपारी न्यायला येणार होता. त्या दोन वह्या ड्रेसरवरच होत्या, त्यांच्यावर चष्म्याचं घर ठेवलेलं.

दादाने नवा तक्ता टेबलावर ठेवला. घसा साफ केला. म्हणाला, आमच्याकडून एक छोटी दुरुस्ती आहे, आकडेमोडीतली, तांत्रिक गोष्ट आहे. कॉलिननी तक्ता हातात घेतला नाही. सौजन्याने मान हलवली आणि म्हणाले, त्याचं काही नाही, तुम्ही पोरांनी खूप मेहनत घेतलीत. दादा पुढे काहीतरी हंगामाबद्दल बोलू लागला. ते ऐकत होते, पण त्यांची नजर खिडकीबाहेर होती. मला दिसत होतं, की दादाचं बोलणं असंच गुळगुळीत होत संपणार, मग चहा होणार, मग आम्ही उठणार, आणि त्या वह्या तिथेच राहणार.

मी उठले. ड्रेसरपाशी गेले, चष्म्याचं घर बाजूला केलं आणि शेवटची वही आणून त्यांच्यासमोर उघडली, कोकराच्या पानावर. दादा बोलायचा थांबला. मी दोन्ही हात वहीवरच ठेवले.

“कॉलिन,” मी म्हणाले, “गायी थंडीत सुट्टी घेतात हे मला माहीत नव्हतं. जोन दर सोमवारी मीटर बघत होत्या, शेवटच्या सोमवारपर्यंत. बघत नाहीत हे मी ठरवलं. पुण्यात बसून.”